एक एकर म्हणजे नेमके किती? हातातल्या जी.पी.एस. यंत्राचा पहिला धडा



ऊस नोंदीच्या वेळी गट कार्यालयात क्षेत्र विचारले की बहुतेक सभासद तोंडी आकडा सांगतात. "वरचं एकर, वढ्याकडचं तीस गुंठं, आन् हिरीजवळचं धरून समदं दोन एकर म्हणा की!" हा आकडा बहुधा आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला असतो. मध्यंतरी भावाभावांत वाटण्या झाल्या, पाणंद रुंद झाली, ओढ्याने काठ तोडला, विहिरीजवळ गोठा उभा राहिला. जमीन बदलली, आकडा मात्र तोच राहिला. याच आकड्यावर आपण बेणे आणतो, खत टाकतो, कर्ज काढतो. आणि याच आकड्यांची बेरीज करून कारखाना तोडणीचा कार्यक्रम आखतो.

हा आकडा स्वतः तपासून पाहण्याचे एक साधन आता सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले आहे. ते म्हणजे हातात धरून चालावयाचे जी.पी.एस. यंत्र. या लेखात आम्ही त्याची पहिल्यापासून ओळख करून देत आहोत. गुणाकार-भागाकार येत असला की हा धडा समजण्यास पुरे.

क्षेत्र चुकले तर काय बिघडते?

एक उदाहरण घेऊ. एका सभासदाच्या घरात एका तुकड्याला 'एकराचं रान' म्हणतात. प्रत्यक्षात ते आहे ४६ गुंठे. त्यात ५२ टन ऊस निघाला. हे गृहस्थ चारचौघांत "एकरी बावन्न टन काढला" असे सांगतील. पण ५२ ला ४६ ने भागून ४० ने गुणले, तर एकरी उतारा ४५ टनच येतो. म्हणजे सात टनांचा आनंद फुकटचा! शिवाय तोटा निराळाच. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे १०० किलो. 'एकर' समजून १०० किलो नत्र दिले, तर प्रत्यक्षात एकरी ८७ किलोच पडले. ऊस उपाशी राहिला आणि मालकाला पत्ता नाही.

आता उलट बाजू पाहा. दुसऱ्याचे 'एकर' प्रत्यक्षात ३४ गुंठेच आहे. तो एकरी ४५ टन धरून बसला आहे. टोळीने तोडून नेल्यावर भरले ३८ टन. उतारा अगदी बरोबर आहे, पण मनात पहिला संशय येतो तो काट्यावर. काटा तपासून मागण्याचा हक्क सभासदाला आहेच आणि तो त्याने बजवावाही. परंतु त्याआधी आपले रान किती, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. नाहीतर काटा खरा असो की खोटा, त्याला कोणतीच बाजू ठामपणे मांडता येणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांच्या मिळून हिताची. समजा, एक हजार सभासदांनी प्रत्येकी चार गुंठे जास्त नोंदवले. चार हजार गुंठे म्हणजे शंभर एकर झाले. एकरी ४० टनांनी चार हजार टन ऊस कागदावर उभा राहिला, जो शिवारात नाहीच. सगळ्यांनी कमी नोंदवले तर तितकाच ऊस शिवारात उभा राहील आणि कागदावर नसेल. मग टोळ्या अपुऱ्या पडतात, हंगाम लांबतो, उन्हाळ्यात उसाचे वजन घटते आणि खोडव्याला उशीर होतो. नोंद ही एकट्याची बाब नसते, ती अशी.

यंत्राला जागा कशी कळते?

आपल्या कारखान्याचा भोंगा घ्या. समजा तो बरोबर सात वाजता वाजतो. तुमचे घड्याळ अगदी बरोबर आहे आणि तुम्हाला आवाज सहा सेकंद उशिरा ऐकू आला. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तुम्ही कारखान्यापासून सुमारे दोन किलोमीटर अंतरावर आहात. कोणत्या दिशेला, हे मात्र एका भोंग्यावरून कळणार नाही. आणखी दोन ठिकाणचे भोंगे त्याच वेळी वाजले आणि त्यांचीही अंतरे काढली, तर तिन्ही अंतरे जुळतील अशी जागा शिवारात एकच सापडेल.

जी.पी.एस. चे तत्त्व हेच आहे. भोंग्याच्या जागी उपग्रह आणि आवाजाच्या जागी रेडिओ लहरी. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. त्यांची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, म्हणून येथे वेळ फार बारकाईने मोजावी लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. उपग्रहांत अणुघड्याळे असतात. आपल्या हातातल्या यंत्रात साधे घड्याळ असते. त्या घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. म्हणून नियम असा: निदान चार उपग्रह दिसल्याशिवाय यंत्राचे म्हणणे धरू नये. जास्त दिसले तर उत्तमच.

ही व्यवस्था मुळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ मध्ये व्यवस्था पुरी झाली. सामान्य लोकांच्या यंत्रांना मिळणाऱ्या संदेशात तेव्हा मुद्दाम खोट घातली जाई, त्यामुळे यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकत असे. मे २००० मध्ये ती खोट काढून टाकली आणि तेव्हापासून हे यंत्र शेतीच्या कामाचे झाले. रशिया, युरोप आणि चीन यांनीही अशा व्यवस्था उभारल्या. आपल्या देशाच्या 'नाविक' व्यवस्थेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला.

येथे एक शंका नेहमी निघते: "ह्ये यंत्र आमच्या रानाची खबर वर कळवतंय काय?" नाही. हे यंत्र रेडिओसारखे फक्त ऐकते, वर काही पाठवत नाही. त्याला मोबाईलची रेंज लागत नाही आणि ऐकण्याचे बिलही येत नाही. मोबाईल फोनमध्येही असेच ऐकणारे यंत्र असते आणि त्यावरही क्षेत्र मोजता येते. मात्र फोनमधले ॲप माहिती बाहेर पाठवू शकते, म्हणून ते काय परवानगी मागते ते वाचूनच 'होय' म्हणावे.

यंत्र हाती आल्यावर

बाजारात अनेक प्रकार आहेत. आम्ही गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स १० या साध्या यंत्रावरून सांगतो, कारण ते पेन्सिल सेलच्या जोडीवर चालते, उन्हात पडदा वाचता येतो आणि पावसाच्या सरीने बिघडत नाही. इतर यंत्रांत नावे थोडी वेगळी असतील, क्रम हाच.

(१) सेल घाला. सेल साधे आहेत की पुन्हा भरता येणारे, ते यंत्राच्या मांडणीत निवडा. नाहीतर किती चार्ज उरला हे चुकीचे दिसते. महिनोन्महिने यंत्र वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवा, ते पाझरून यंत्र खातात.

(२) पहिल्यांदा चालू करताना खळ्यात किंवा मोकळ्या रानात उभे राहा. पत्र्याखाली किंवा आंब्याच्या झाडाखाली नको. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या मार्गाची माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगत असतो. सगळ्या उपग्रहांची यादी पुरी ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे धीर धरा. "यंत्र बिघडलंय" म्हणून दर मिनिटाला बंद-चालू करू नका.

(३) उपग्रहांचे पान उघडा. तेथे अधिक-उणे चिन्हापुढे मीटरचा एक आकडा दिसतो. तो यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज होय. मोकळ्या आभाळाखाली तो साधारण तीन ते पाच मीटर येतो. दहाच्या वर असेल तर मोजणी सुरू करू नका.

(४) 'युनिट्स' मध्ये मेट्रिक निवडा. 'मॅप डेटम' या ठिकाणी 'डब्ल्यू.जी.एस. ८४' ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे 'एव्हरेस्ट' या वेगळ्या पायावर काढलेले आहेत. दोन्हींची सरमिसळ केली तर खूण भलत्याच जागी पडते.

(५) 'पोझिशन फॉरमॅट' मध्ये अक्षांश-रेखांश कसे दाखवायचे ते ठरवा आणि सगळ्या घराने एकच पद्धत धरा. ४२.५ मिनिटे म्हणजे ४२ मिनिटे ३० सेकंद होत. कोणी ते ४२ मिनिटे ५० सेकंद असे वाचले, तर वीस सेकंदांचा फरक पडतो. एक अक्षांश-सेकंद सुमारे ३१ मीटरचा. म्हणजे खूण सहाशे मीटर दूर, दुसऱ्याच्या शिवारात! आमची सूचना अशी की अंश दशांशात ठेवावेत आणि दशांश चिन्हानंतरचे पाच आकडे लिहावेत. पाचवा आकडा सुमारे एका मीटरचा असतो.

शेताभोवती फेरी

आधी ठरवा, काय मोजायचे आहे. सात-बाराचे क्षेत्र वेगळे आणि उसाखालचे क्षेत्र वेगळे. नोंदीला उसाखालचे क्षेत्र लागते. म्हणून बांधाच्या पलीकडून न चालता उसाच्या कडेच्या सरीबरोबर चाला. गोठा, विहीर, खताचा खड्डा मधे असेल तर तो निराळा मोजून वजा करा.

वेळही महत्त्वाची. आडसाली ऊस वर्षाचा झाला की डोक्याच्या वर जातो. त्याच्या पोटात शिरून चालले तर ओली पाने आभाळ झाकतात आणि यंत्र भरकटते. लागण झाल्यावर, ऊस गुडघ्याएवढा असतानाच मोजून ठेवा. राहून गेलेच तर बाहेरच्या मोकळ्या कडेने चाला.

कोपऱ्यावर उभे राहून 'एरिया कॅल्क्युलेशन' निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. यंत्र छातीसमोर उभे, आभाळाकडे तोंड करून धरा. खिशात घालू नका. नेहमीच्या चालीने चाला. प्रत्येक कोपऱ्यावर चार-पाच श्वास थांबा. कोपरा तोडून तिरपे गेलात तर तेवढे रान गमावले. निघालेल्या जागी परत येऊन 'कॅल्क्युलेट' दाबा. आकडा तेथल्या तेथे वहीत लिहा. अशा तीन फेऱ्या निरनिराळ्या वेळी घ्या आणि मधला आकडा धरा. एखादा आकडा दोघांपासून फारच फटकून असेल तर चौथी फेरी घ्यावी.

आकडा वाचताना

यंत्राला गुंठा ठाऊक नाही. त्याला चौरस मीटर, एकर आणि हेक्टर कळतात. म्हणून ही कोष्टके पाठच करावीत:

१ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौरस फूट = १०१.१७ चौरस मीटर
४० गुंठे = १ एकर = ४,०४७ चौरस मीटर
१ आर = १०० चौरस मीटर
१०० आर = १ हेक्टर = २.४७ एकर

समजा यंत्राने ४,६५० चौरस मीटर दाखवले. १०१.१७ ने भागा: ४६ गुंठे, म्हणजे १ एकर ६ गुंठे. हेच क्षेत्र यंत्र एकरात १.१५ असे दाखवील. येथे फार जण फसतात. १.१५ एकर म्हणजे एक एकर पंधरा गुंठे नव्हे. दशांशापुढच्या ०.१५ ला ४० ने गुणा, सहा गुंठे येतात. सात-बारावर हेच क्षेत्र ०.४६.५० असे हेक्टर-आरमध्ये दिसेल. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असले तरी आर किंचित लहान असतो, हेही ध्यानात असू द्या.

चूक किती धरावी?

हा या धड्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. यंत्राने दशांशापर्यंत आकडा दाखवला म्हणून तो दशांशापर्यंत खरा नसतो.

समजा चौकोनी तुकड्याची लांबी आणि रुंदी दोन्ही तीन-तीन मीटरनी जास्त मोजली गेली. पाच एकरांच्या तुकड्याची बाजू १४२ मीटर असते. तेथे क्षेत्रात शेकडा चार चूक होते. एका एकराची बाजू ६४ मीटर. तेथे शेकडा दहा, म्हणजे चार गुंठे. दहा गुंठ्यांच्या तुकड्याची बाजू ३२ मीटरच; तेथे शेकडा वीस, म्हणजे दोन गुंठे. रान जितके लहान तितकी चूक मोठी. लांबट, चिंचोळ्या पट्टीत तर आणखीच वाढते.

एक दिलासा आहे. दहा मिनिटांच्या फेरीत यंत्राची बरीचशी चूक एकाच दिशेला, सारखी असते. सगळे रानच नकाशावर दोन मीटर पूर्वेला सरकले, तरी क्षेत्र बदलत नाही. म्हणून एका दमात घेतलेली फेरी बरी येते; अर्धी सकाळी आणि अर्धी दुपारी घेतलेली नाही. तरीही वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा टेपने किंवा साखळीनेच मोजावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी ३३ फुटी साखळी लहान रानात आजही या यंत्राला हरवते.

या यंत्राने करू नयेत अशी कामे

पहिले आणि मुख्य म्हणजे बांधाचा वाद. गावोगाव भाऊबंदकी कशावरून माजते ते सांगायला नको. हाताएवढ्या बांधासाठी पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. तीन ते पाच मीटर चुकणाऱ्या यंत्राने हाताएवढ्या बांधाचा निवाडा कसा करणार? "यंत्र दाखवतंय, तुझा बांध माझ्यात दोन मीटर आलाय" असे म्हणून कोणी भावाच्या दारात उभे राहू नये. हद्द कायम करण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे. त्या खात्याची रोव्हर यंत्रेही उपग्रहांवरच चालतात, पण स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेऊन ती काही सेंटिमीटरपर्यंत अचूक होतात. जात एक असली तरी आपल्या हातातल्या यंत्राची त्यांच्याशी बरोबरी होत नाही.

दुसरे म्हणजे उतार. यंत्र उंचीही दाखवते, पण उंचीतली चूक जागेतल्या चुकीपेक्षा मोठी असते. त्यावरून सरीचा, पाटाचा किंवा निचऱ्याच्या चराचा उतार काढू नका. त्याला लेव्हल लावावी, नाहीतर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी.

आणखी काही उपयोग

क्षेत्राशिवाय हे यंत्र 'खूण' ठेवण्याच्या फार कामाचे आहे. पाइपलाइन गाडताना व्हॉल्व्ह, जोड आणि वळणे या जागी उभे राहून 'मार्क वेपॉइंट' करा आणि नाव द्या. दहा वर्षांनी लाइन फुटली की यंत्र तुम्हाला चार-पाच पावलांच्या आत आणून सोडील. मग पहार टोचून पाहा. सगळे रान उकरायला नको. माती परीक्षणाचा नमुना जेथून घेतला ती जागा नोंदवली, तर पुढचा नमुना तेथूनच घेता येतो आणि क्षार वाढले की घटले हे खरेपणाने कळते. महत्त्वाच्या खुणेसाठी 'ॲव्हरेज' ची सोय आहे. कंपनीच्या सूचनेप्रमाणे निदान दीड तासाच्या अंतराने चार ते आठ वेळा तीच जागा मोजली की खूण अधिक पक्की होते.

नदीकाठच्या सभासदांनी हे काम टाळू नये. जुलै २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठची राने पाण्याखाली गेली. पूर आला की गाळाखाली बांध आणि दगड दोन्ही बुजतात. कोपऱ्यांच्या खुणा आधी वहीत असतील, तर पूर ओसरल्यावर दगड कोठे उकरून शोधायचा हे तरी कळते. खुणा यंत्रातच ठेवून भागणार नाही. यंत्र हरवते, पुरात वाहूनही जाते. वहीत लिहा आणि वहीची एक प्रत नातेवाइकाकडे ठेवा.

सरावासाठी

शाळेच्या मैदानावर टेपने ३३ मीटर × ६० मीटरचा चौकोन आखा. त्याचे क्षेत्र १,९८० चौरस मीटर, म्हणजे साडेएकोणीस गुंठ्यांच्या थोडे वर. त्याभोवती यंत्र घेऊन तीन फेऱ्या मारा आणि फरक वहीत मांडा. मुलाबाळांना बरोबर घ्या. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात. आपले यंत्र किती चुकते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की त्याच्यावर किती भरवसा टाकायचा हे कोणी सांगावे लागत नाही.

मग आपल्या रानांची मोजणी करा. येत्या नोंदीला तोंडी आकड्याऐवजी ही वही घेऊन या. आकडा जुन्यापेक्षा कमी आला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याने रान लहान होत नाही, ते होते तेवढेच आहे. खत, बेणे आणि उतारा यांचा हिशोब मात्र आता खऱ्या रानाशी जुळेल, आणि काट्यावरचा आकडा तुम्हाला तुमच्याच वहीशी ताडून पाहता येईल. मोजणीत किंवा आकडेमोडीत अडचण आली तर वही घेऊन गट कार्यालयात अवश्य यावे. शेजारी बसून हिशोब करून देण्यास आम्ही तयार आहोत.



— शेतकी विभाग